काकांचा लाइट मीटर: डिजिटलच्या जमान्यात काही उपयोग, की नुसतं पेपरवेट?

टिपकागद (रविवार, सकाळी ९.४०)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्या थोरल्या काकांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारशी, सगळं. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात काकूने माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली आणि "तुला फोटोचा नाद आहे ना, बघ यातलं काही हवं असेल तर" म्हणून माझ्यापुढे सरकवली. बुरशी आलेल्या दोन लेन्स, एक फुटका लाल दिवा, निगेटिव्हची पाकिटं आणि चामड्याच्या पाउचमध्ये एक लाइट मीटर, म्हणजे फोटोसाठी उजेड मोजायचं यंत्र. सेकॉनिक, स्टुडिओ डिलक्स, एल-३९८. वर पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून बसवावा तसा पांढरा घुमट, त्याच्याखाली सुई, मग फिरवायची चकती. बॅटरीला जागाच नाही. मधलं बटण दाबून खिडकीशी नेला तर सुई उजवीकडे सरकली, बटण सोडलं तर तिथेच थांबली. म्हणजे जिवंत आहे.

माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आहे. फोटो कसा येणार ते काढायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं, हिस्टोग्राम (काळोख-उजेडाचा आलेख) आहे, झेब्रा (फार उजळ भागावर दिसणारे पट्टे) आहे, चुकलं तर पुसून परत काढता येतो. मग हे हातातलं यंत्र आज कुणी खरोखर वापरतं का? मी शिकून घ्यावं का? की काकांची आठवण म्हणून कपाटात ठेवावं?

---

लेन्सकोल्हा (रविवार, सकाळी १०.०५)

कपाटात. काच असलेल्या कपाटात, म्हणजे पाहुण्यांना दाखवता येईल.

फिल्मच्या काळात रोल धुवून येईपर्यंत चूक कळायची नाही आणि छत्तीसच फ्रेम असायच्या. म्हणून मीटर लागायचा. आता काढलेला प्रत्येक फोटो हाच मीटर आहे. शिवाय रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंधार राहिला तरी मागाहून उचलता येतो. दहा वर्षांपूर्वी मीही मोठ्या हौसेने एक घेतला होता. त्याच्या बॅटरीला मीठ फुटलं तेव्हा कळलं की दोन वर्षं उघडलाच नव्हता.

---

भाकरवडी (रविवार, सकाळी १०.१२)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खडूसकाका यायची वाट बघतोय.

---

माळरान (रविवार, सकाळी ११.३०)

कोल्हेबुवांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण मूळ गोष्ट त्यात राहून गेली.

कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. समोर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो सरसकट सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. काकांचा घुमटवाला मीटर माणसावर पडणारा उजेड मोजतो. अंगात पांढरं आहे की काळं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो दिवे घाटात. वारी चढत होती, ढग फाटून लख्ख ऊन पडलेलं. अख्ख्या फ्रेममध्ये पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. कॅमेऱ्याला वाटलं, बापरे केवढा उजेड! त्याने सगळं दाबून टाकलं. कपडे धुवट करडे आले आणि उन्हात रापलेले चेहरे निव्वळ काळे. पुढच्याच वळणावर एक घोंगडीवाले आजोबा फ्रेमभर आले. तिथे उलटं झालं, काळी घोंगडी राखाडी आली आणि चेहरा उडाला. ऊन तेच, मिनिटही गेलं नव्हतं, फक्त कपडे बदलले होते. हातात पडणारा उजेड मोजणारा मीटर असता तर दोन्ही वेळा एकच आकडा आला असता, आणि दोन्ही फोटो बरोबर आले असते.

---

लेन्सकोल्हा (रविवार, सकाळी ११.४१)

मग मॅन्युअलवर टाकायचा ना एकदा कॅमेरा! आयएसओ (संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/१६, शटर १/१२५ सेकंद. रोलच्या डब्यावर छापलेलं असायचं ते. भर उन्हाला मीटर लागत नाही, ऊन जगभर सारखंच पडतं. आणि पांढरं दिसलं की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक सव्वा-दीड, काळं दिसलं की उणे एक. अंगठ्याखाली चक्री आहे त्यासाठीच. हल्लीचे कॅमेरे तर चेहरा ओळखून त्याचं मीटरिंग करतात.

---

माळरान (रविवार, सकाळी ११.५०)

मीही आता तसंच करतो. मीटर घेऊन वारीत कोण फिरणार? आणि वारकऱ्याच्या हनुवटीखाली घुमट कसा धरणार? जिथे त्या माणसापर्यंत पोचताच येत नाही तिथे या मीटरचा उपयोग नाही, हे कबूल. माझं म्हणणं इतकंच की फरक समजून घ्यायचा असेल तर दोन दिवस तो मीटर हातात घेऊन फिरा. मग ती चक्री किती फिरवायची ते डोळ्यांना आपोआप कळायला लागतं.

---

जास्वंदी (रविवार, दुपारी २.१५)

जेवण उरकून आले. मी स्टुडिओवाली आहे, रोजच्या पोटापाण्यासाठी. माझ्या कमरेला मीटर असतो, आणि तो हौसेचा नाही.

कोल्हेभाऊ, तुमचा मिररलेस जो आधीच फोटो दाखवतो ना, तो फ्लॅशचा फोटो दाखवत नाही. फ्लॅश उडतो तो शटर दाबल्यावर, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. त्याआधी व्ह्यूफाइंडरमध्ये काय दिसणार? अंधार. मग तुम्ही म्हणाल, काढा एक फोटो आणि बघा. काढते की. पण तीन दिवे लावलेत आणि फोटोत काहीतरी बिघडलंय. कोणत्या दिव्याने बिघडलंय ते हिस्टोग्राम सांगत नाही, तो तिन्हींची खिचडी दाखवतो. मी एकेक दिवा उडवून मीटर बघते: मुख्य एफ/८, सावली भरणारा एफ/४, मागच्या पडद्यावर एफ/५.६. दोन मिनिटांत मांडणी होते आणि गिऱ्हाईक खुर्चीत यायच्या आधी होते. साहेबलोकांना खुर्चीत बसवून "थांबा हं, अजून एक टेस्ट" असं सहा वेळा म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जातं, ते परत येत नाही.

दुसरी गोष्ट. एका कंपनीतल्या बत्तीस जणांचे फोटो काढले होते, सगळे एकाच उजेडात, वेबसाइटवर ओळीने लावायला. आठ महिन्यांनी फोन, "मॅडम, दोन नवीन जॉइन झालेत, तसेच हवेत." जागा वेगळी, खोली लहान, एक दिवा मधल्या काळात बदललेला. वहीत लिहिलेलं होतं, कोणता दिवा किती फुटांवर, कोणत्या कोनात आणि मीटरवर किती. अर्ध्या तासात तोच उजेड परत उभा केला. ते दोघे नंतर आलेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. दिव्याच्या मागच्या बटणावरचा आकडा लिहून ठेवून हे झालं नसतं, कारण दिवाच वेगळा होता.

एक मात्र सांगते टिपकागद, तुमचा एल-३९८ फ्लॅश मोजत नाही. सुईला तेवढा वेळच मिळत नाही. सतत जळणारा उजेडच मोजेल तो. ऊन, खिडकी, बल्ब, एलईडी.

---

खडूस (रविवार, दुपारी ४.५०)

आलो. भाकरवडी, पॉपकॉर्न मलाही द्या.

टिपकागद, पहिलं म्हणजे काकांच्या मीटरला पेपरवेट म्हणू नका. त्या पांढऱ्या घुमटाची कल्पना डॉन नॉरवूड नावाच्या अमेरिकन गृहस्थांची, १९३० च्या दशकातली. त्याआधी पडणारा उजेड मोजायचा तर सपाट चकतीने मोजत. पण माणसाचं तोंड काही सपाट नसतं. एका गालावर खिडकी, दुसऱ्यावर भिंतीवरून आलेला उजेड, कपाळावर वरचा दिवा. अर्धगोल हा म्हणजे नाक-डोळे नसलेला चेहराच. तो माणसाच्या तोंडाशी धरून कॅमेऱ्याकडे रोखायचा, की त्या चेहऱ्यावर सगळीकडून येणारा उजेड एकत्र मोजला जातो. नॉरवूडच्या मीटरचीच पुढची पिढी सेकॉनिककडे आली, ती म्हणजे तुमच्या हातातला हा. त्याची सुधारित आवृत्ती, एल-३९८ए, अगदी अलीकडेपर्यंत नवीकोरी मिळायची. इतकी वर्षं एकाच रूपात टिकलेली किती यंत्रं तुमच्या घरात आहेत, मोजा.

दुसरं. त्यात सेलेनियमचा सेल आहे. उजेड पडला की तो स्वतःच वीज तयार करतो, त्यावर सुई हलते. म्हणून बॅटरी नाही. पण सेलेनियम म्हातारा होतो, विशेषतः दमट हवेत. सुई हलते म्हणजे खरं बोलते असं नाही. आधी घुमट तळहाताने पूर्ण झाका, बटण दाबा, सुई शून्यावर येते का बघा. मग निरभ्र दुपारी मोकळ्या मैदानात उभे राहा, सूर्य पाठीशी असलेल्या फोटोग्राफरकडे बघावं तसा घुमट धरा आणि कोल्ह्याने सांगितलेला आकडा येतो का बघा. तेवढ्यावर थांबू नका. घरात संध्याकाळी, कमी उजेडातही दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून बघा. सेल थकला की एका टोकाला खरं आणि दुसऱ्या टोकाला खोटं बोलतो.

वेस्टन कंपनीचा मास्टर मीटर होता माझ्याकडे, हातात बसायचा असा की... असो. तो विषय काढला की घरचेही उठून जातात.

---

टिपकागद (सोमवार, दुपारी १.२०)

खडूसकाका, गच्चीवर जाऊन आलो. सुई पार उजव्या टोकाला जाऊन आपटते आणि तिथेच चिकटते. बिघडलाय का?

---

खडूस (सोमवार, दुपारी १.३४)

काका म्हणालात, चालेल. बिघडला नाही हो! पाउचच्या कप्प्यात बोटं घाला. बारीक भोकं पाडलेली धातूची एक छोटी पट्टी असेल. ती वरच्या फटीत सरकवायची. उन्हासाठी ती लागते, उजेडाला चाळणी. ती घातली की चकती लावताना "एच" ची खूण धरायची. घरात आलात की पट्टी काढायची. आणि हरवू नका, ती सुटी मिळणं कठीण.

---

टिपकागद (सोमवार, दुपारी २.०२)

सापडली!! पाउचच्या शिवणीत अडकली होती. पट्टी घालून बघितलं. एफ/१६ यायच्या जागी एफ/११ आणि १६ च्या मध्ये, ११ कडे झुकतं. म्हणजे अर्ध्या स्टॉपहून थोडं जास्त कमी दाखवतोय.

---

अंशतः_ढगाळ (सोमवार, संध्याकाळी ६.४५)

आज हवेत धूळ आणि पातळ ढग आहेत, किमान इथे पुण्यात तरी. सगळा दोष सेलवर टाकू नका, आकाशाचाही वाटा असेल.

आणि "बरोबर" म्हणजे काय ते आधी ठरवा. मीटर बनवणाऱ्यांतही एकमत नाही. परावर्तित उजेडाच्या मीटरमध्ये एक स्थिरांक असतो, के. कॅनन, निकॉन, सेकॉनिक तो १२.५ धरतात, मिनोल्टा, पेंटॅक्स १४. म्हणजे दोन्ही मीटर नवेकोरे असले तरी एक-षष्ठांश स्टॉपचा फरक पडणारच. त्यात डिजिटल कॅमेऱ्याचा आयएसओ हीदेखील जरा सैल गोष्ट आहे. आयएसओ १२२३२ हे जे मानक आहे, त्यात २००६ पासून उत्पादकाला "आमच्या मते हा १००" असं ठरवायची मुभा आहे. मीटरचा १०० आणि कॅमेऱ्याचा १०० यांत तृतीयांश स्टॉप इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे.

त्यामुळे मीटर घेतला की आधी तो तुमच्या कॅमेऱ्याशी जुळवायचा. करड्या कार्डाचा फोटो मीटरच्या आकड्यावर काढा, कमीजास्त करून बघा, कुठे बरोबर येतो ते ठरवा आणि तेवढा फरक कायमचा धरा. तुमच्या मीटरवर आयएसओ १०० च्या जागी १६० लावलं की झालं. सगळ्या टप्प्यांवर फरक तेवढाच येत असेल तर मीटर ठणठणीत आहे.

---

बेलापूरकरीण (सोमवार, रात्री ८.१०)

बाळबोध प्रश्न: फोनवर फुकट ॲप असताना एवढा खटाटोप कशाला?

---

अंशतः_ढगाळ (सोमवार, रात्री ८.२५)

बाळबोध अजिबात नाही. बहुतेक ॲप फोनच्या कॅमेऱ्यातून बघतात, म्हणजे तोच परावर्तित उजेड, तीच पांढऱ्या सदऱ्याची अडचण. काही ॲप स्क्रीनच्या वरच्या बाजूला असलेला उजेडाचा सेन्सर वापरतात. तो पडणारा उजेड मोजतो खरा, पण तो बसवलाय स्क्रीन मंद-प्रखर करायला. वर घुमट नाही. फोन जरा तिरका झाला की आकडा पळतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर मजेत फोटो काढायला मात्र ॲप पुरतं. मी वापरतो.

---

अर्धाउजेड (मंगळवार, रात्री १२.३०)

शूटिंग आटोपून आत्ता घरी आलो, म्हणून उशीर. मी कॅमेरा डिपार्टमेंटला आहे, मालिका आणि अधूनमधून सिनेमा.

सेटवर मीटर गेला असं लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. आता मॉनिटर आहे, वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) आहे, फॉल्स कलर (उजेडाप्रमाणे रंग दाखवणारं चित्र) आहे. चेहरा कुठे बसलाय ते रंगात दिसतं. मालिकेत तर कुणी मीटर काढत नाही, वेळच नाही. पण सिनेमाचे जुने कॅमेरामन रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघायला, जातात तेव्हा कॅमेरा सोबत नसतो, मीटर असतो. वाड्याच्या ओसरीवर सकाळी दहाला किती, दुपारी तीनला किती, हे वहीत उतरतं आणि त्यावरून दिव्यांची यादी निघते. तीन दिवस चालणाऱ्या एकाच प्रसंगात चेहऱ्याच्या उजळ आणि काळ्या बाजूचं प्रमाण तेच ठेवायचं तर मॉनिटरवर "वाटतंय तसंच" म्हणून भागत नाही. मोजावं लागतं.

माझे गुरू कॅमेरा उघडायच्या आधी तळहात पुढे धरून फिरवायचे, उजेड कुठून कसा येतोय ते बघत. मग मीटर. मग कॅमेरा. आम्ही नवी पोरं आधी मॉनिटर लावतो. कोणाचं बरोबर ते मला विचारू नका, झोप आलीय.

---

लेन्सकोल्हा (मंगळवार, सकाळी ९.१५)

जास्वंदीताई, फ्लॅशचा मुद्दा मान्य. अर्धाउजेड, रेकीचाही मान्य. पण धागाकर्त्याकडे ना तीन फ्लॅश आहेत ना सिनेमा. टिपकागद, तुम्ही नक्की फोटो कशाचे काढता हो? ते सांगितलंच नाहीत, आणि आम्ही इथे तलवारी उपसून बसलोय.

---

टिपकागद (मंगळवार, सकाळी १०.४०)

खरंच की. सॉरी मंडळी.

आमच्या गावातलं वाचनालय शंभरी पार केलेलं आहे. तिथे भिंतीवर एकेचाळीस तैलचित्रं आहेत, जुने अध्यक्ष, देणगीदार, एक संस्थानिक. काहींचा रंग पोपडे धरतोय. समितीने ठरवलं की जे आहे ते आधी नीट फोटोत उतरवून ठेवावं, आणि "आपल्याच गावचा मुलगा आहे" म्हणून काम माझ्यावर आलं. मानधन म्हणजे चहा आणि आजीव सभासदत्व.

दोन एलईडी पॅनल आहेत, ट्रायपॉड आहे. परवा तीन चित्रं काढून बघितली. घरी येऊन बघतो तर प्रत्येकाची खालची डावी बाजू मळकट. आधी वाटलं, चित्रच तसं आहे. पण तिन्ही कशी तशीच असतील?

---

जास्वंदी (मंगळवार, सकाळी ११.२०)

अहो, हे आधी सांगायचं! सपाट चित्राची प्रतिकृती हे या मीटरचं अगदी घरचं काम. इथे "एक्स्पोजर किती" हा प्रश्न गौण आहे, "उजेड सगळीकडे सारखा आहे का" हा खरा प्रश्न. तो डोळ्याने कळत नाही. डोळा लबाड आहे, तो अर्ध्या स्टॉपचा फरक गुपचूप सारवून घेतो.

१. घुमट काढा. पेटीत एक सपाट पांढरी चकती असेल, ती बसवा. घुमट बाजूचाही उजेड गोळा करतो. चित्र सपाट आहे, त्याला चकतीच हवी.

२. दोन्ही दिवे चित्राच्या दोन बाजूंना, साधारण ४५ अंशांत, चित्राच्या मध्याच्या उंचीवर. आणि लांब. दिवा जवळ असला की जवळची कड आणि लांबची कड यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो हे खरं, पण ट्रायपॉड आहे ना, शटर लांबवा.

३. मीटर चित्राला समांतर, पाठ चित्राकडे, चकती कॅमेऱ्याकडे. चित्राला टेकवायचा नाही, पोपडे आहेत म्हणालात. चार बोटं अंतर ठेवा. चार कोपरे आणि मध्य, पाच ठिकाणी वाचा. तुमची स्वतःची सावली चकतीवर पडू देऊ नका, बाजूला वाकून धरा.

माझा डिजिटल मीटर दशांश स्टॉप दाखवतो. सुईत तेवढं दिसणार नाही, पण मळकट कोपरा नक्की सापडेल.

---

खडूस (मंगळवार, सकाळी ११.४५)

आणि चकती फिरवून एफ-नंबर काढत बसू नका. नुसती सुई बघा. पाचही ठिकाणी ती एकाच जागी थांबली पाहिजे, बस. मीटर अर्धा स्टॉप खोटं बोलत असला तरी इथे बिघडत नाही, पाचही वेळा तेच खोटं बोलेल.

---

लेन्सकोल्हा (मंगळवार, दुपारी १२.१०)

तुम्ही सगळे मिळून त्याला घोड्यावर बसवताय. एक पांढरा शुभ्र फोमबोर्ड आणा, चित्राच्या जागी धरा, तोच उजेड, तीच फ्रेम, फोटो काढा. लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) पाच ठिकाणी कर्सर नेऊन आकडे वाचा. पाच काय, पन्नास ठिकाणी वाचा. शिवाय तोच कोरा फोटो वापरून फ्लॅट-फील्ड करेक्शन द्या, म्हणजे बोर्डावर जिथे जितका उजेड कमी-जास्त आलाय तितका चित्राच्या फोटोत सॉफ्टवेअरने भरून काढा, उरलेला फरकही जातो. कॅमेरा हाच मीटर, हे मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं.

---

जास्वंदी (मंगळवार, दुपारी १२.१८)

ही युक्ती उत्तम आहे, खरंच. मी दोन्ही करते. टिपकागद, तुम्हीही दोन्ही करा आणि इथे येऊन सांगा.

---

भाकरवडी (मंगळवार, दुपारी १२.३०)

पॉपकॉर्न संपले, चिवडा आणलाय. निकाल कधी?

---

टिपकागद (शनिवार, रात्री ९.५५)

निकाल घेऊन आलोय. जरा लांबण लागेल.

सकाळी दहाला वाचनालय उघडून घेतलं. ट्यूब बंद केल्या. दिवे लावले, चकती बसवली. चित्राच्या मध्यावर सुई ३२० च्या खुणेवर. वरचे दोन्ही कोपरे जवळपास तेच. खालचा उजवा जरा कमी. खालचा डावा थेट दोनशेच्या आसपास! म्हणजे अर्ध्याहून जास्त स्टॉप. माझा डावा दिवा वर तोंड करून उभा होता, स्टँडचा खटका ढिला झालेला. डोळ्याला तो सरळच दिसत होता, शपथ.

खटका घट्ट केला आणि दोन्ही दिवे साडेचार फुटांवरून साडेसहा फुटांवर नेले. मध्याला सुई आता १६० च्या किंचित खाली, आणि पाचही ठिकाणी सुईच्या जाडीइतकाच फरक. फोटो आयएसओ १००, एफ/८, १/१० सेकंद.

मग साडेअकराला दुसरं चित्र लावलं आणि डावा कोपरा परत चढला. काही सुधरेना. शेवटी वैतागून दोन्ही दिवे बंद केले आणि सहज बटण दाबलं, तर सुई शून्यावर नाही! पूर्वेच्या खिडकीवरची हिरवी जाळी वाऱ्याने सरकली होती आणि तिथून ऊन आत येत होतं. दिवे चालू असताना ते मला दिसतच नव्हतं. ग्रंथपालबाईंनी दोन जुन्या सतरंज्या दिल्या, त्या खिडकीला टांगल्या. आता प्रत्येक चित्राआधी दिवे बंद करून एकदा सुई बघतो, मग दिवे लावतो.

आता कोल्हेसाहेबांचा फोमबोर्ड. तोही केला. सुरुवातीला घाईत एफ/४ वर काढला. घरी आकडे वाचले तर चारही कोपरे मध्यापेक्षा चांगलेच काळे. मी हबकलो, कारण सुईने सगळं सारखं सांगितलं होतं. मग दुपारी परत गेलो, पाच ठिकाणी परत मोजलं. उजेड सारखाच. मग लक्षात आलं की काळे कोपरे उजेडात नाहीत, लेन्समध्ये आहेत. एफ/८ वर काढला तर तो काळेपणा जवळजवळ गेला.

म्हणजे फोमबोर्डने सांगितलं की कोपरे काळे आहेत, आणि मीटरने सांगितलं की त्यात दिव्यांची चूक नाही. नुसता फोमबोर्ड असता तर मी दिवेच हलवत बसलो असतो.

---

लेन्सकोल्हा (शनिवार, रात्री १०.२०)

फ्लॅट-फील्डने दोन्ही दोष एकदमच गेले असते, दिव्याचाही आणि लेन्सचाही, कोणता कोणाचा हे न शोधता. आणि एफ/४ वर प्रतिकृती काढणं ही मीटरची नाही, तुमची चूक.

पण खिडकीचं ऊन पकडलंत ते आवडलं. माझ्या पद्धतीत बोर्ड दहाला काढला असता आणि ऊन साडेअकराला आलं असतं, तर मला कळलं नसतं. एवढा एक गुण देतो.

---

जास्वंदी (शनिवार, रात्री १०.३२)

कोल्हेभाऊंकडून एक गुण! धाग्याचं स्क्रीनशॉट काढून ठेवते.

टिपकागद, तैलरंगावर चमक येत असेल तर दिव्यांपुढे पोलरायझरचे (एकाच दिशेचा उजेड जाऊ देणारा फिल्टर) कागद आणि लेन्सवर पोलरायझर, दोन्ही लावून लेन्सवरचा हळूहळू फिरवा. चमक गायब होते. उजेड मात्र भरपूर खातं ते, आणि लेन्सवरच्या फिल्टरने खाल्लेला उजेड तुमच्या मीटरला दिसत नाही, कारण तो चित्राशी आहे. तिथे शटर किती लांबवायचं ते कॅमेऱ्यावरच बघा.

---

माळरान (रविवार, सकाळी ७.१५)

वाचनखूण साठवली. काकूंना सांगितलंत का मीटर कामाला लागला म्हणून?

---

टिपकागद (रविवार, सकाळी ८.३०)

सांगितलं. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, लग्नात हे तो पांढरा चेंडू नवऱ्या मुलाच्या तोंडापुढे धरायचे, आणि लोकांना वाटायचं माईक आहे. एका नवरदेवाने तर घसा खाकरून उखाणाच घेतला होता.

एकेचाळीसपैकी नऊ झाली. पुढच्या शनिवारी काच लावलेली चित्रं सुरू होतील, आणि समिती म्हणते काच काढायची नाही. त्याचा वेगळा धागा काढतो.